एक ओळ वर

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. नाव ऐकून तुम्हाला पीठ आठवलं असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. पण माझ्यातून कधी चिमूटभरही पीठ गेलेलं नाही. माझ्यातून चाळली जातात ती मुलं.

शाळा संपली की कॉलेजात जाण्यासाठी जी मोठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये माझा जन्म झाला. आईबाप म्हणाल तर एक शर्टाचं खोकं आणि एक हातोडी. क्लास चालवणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या नव्या शर्टाच्या खोक्याचं झाकण घेतलं, ते उत्तरपत्रिकेच्या मापाने कापलं आणि खालच्या मजल्यावरच्या चप्पलवाल्याकडून चामड्याला भोकं पाडायचा पंच मागून आणला. मग काय विचारता! एकेक घाव आणि एकेक भोक. माझ्या अंगाची अक्षरशः चाळण झाली. कडा झिजू नयेत म्हणून बाईंनी चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी लावली, मला कोणी उलटं ठेवू नये म्हणून एक कोपरा कापला आणि माझ्या कपाळावर लिहिलं, ‘सराव परीक्षा तीन’.

माझं काम सोपं होतं. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत चार गोल असतात, अ, ब, क, ड. मुलांनी बरोबर वाटेल तो एक गोल पेनाने काळा करायचा. बाई त्या कागदावर मला ठेवायच्या. माझं भोक असतं बरोबर उत्तराच्या जागी. भोकातून काळं दिसलं की गुण, कोरं दिसलं की भोपळा. इतका सरळ कारभार.

खरं सांगायचं तर मला एकही प्रश्न येत नाही. कोणती गाडी कोणत्या गाडीला कुठे गाठते, कोणत्या आम्लात काय विरघळतं, मला काही ठाऊक नाही. मला फक्त उत्तरांच्या जागा माहीत. तरी क्लासमध्ये मला केवढा मान! नवीन पालक आले की बाई मला टेबलावरून उचलून दाखवायच्या आणि म्हणायच्या, आमच्याकडे वशिला चालत नाही, ही चाळणी ना नात्याची ना गोत्याची. पालक माना डोलवायचे. मीही तेव्हा नवी होते, कडक होते. मलाही ते खरं वाटायचं.

पण एक गोष्ट बाई कधीच सांगत नव्हत्या. भोकांपुरता कागद सोडला, तर बाकीचा सगळा कागद मी झाकून टाकते. मुलाने काय काळं केलं, कुठे थबकला, कुठे कागद खरवडला, ते सगळं माझ्या पोटाखाली असतं. मला ते लागतं, टोचतं, कळतं. वरून बघणाऱ्याला मात्र ते दिसत नाही, आणि मला कोणी विचारत नाही.

क्लास वाढला. एका खोलीच्या तीन झाल्या. बाईंचे धाकटे दीर कारभार बघायला आले. मुलं त्यांना यादीकाका म्हणत, कारण त्यांचा जीव यादीत होता. प्रत्येक सराव परीक्षेनंतर ते दाराच्या काचेवर यादी चिकटवायचे. वरच्या नावांची वरची बॅच, तिला बाई स्वतः शिकवायच्या. खालच्या नावांची खालची बॅच, ती मागच्या खोलीत बसून टीव्हीवर बाईंचे जुने तास बघायची. त्या टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता. त्या खोलीतली ट्यूब सारखी डोळे मिचकावायची, जणू तिलाच सगळी गंमत कळली होती.

एका वर्षी वरच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. चालायची हळू, लिहायची हळू, जिना उतरताना सगळ्यांच्या मागे. मुलांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं आणि तिने ते न रागावता घेतलं होतं. पहिल्या दोन सराव परीक्षांत ही गोगलगाय यादीत अगदी वर जाऊन बसली. बाईंना आनंद झाला. काकांना मात्र ते पचेना. ती बसायची दातांच्या डॉक्टरांच्या मुलाशेजारी, आणि तो मुलगा हुशार. काकांनी मनात दोन आणि दोन केले आणि त्यांची बेरीज बावीस आली.

तिसऱ्या परीक्षेला त्यांनी तिला एकटीला बाहेरच्या बोळात स्टुलावर बसवलं. का, ते तिला सांगितलं नाही. तिला वाटलं, आत जागा नसेल.

त्या परीक्षेचे कागद माझ्याकडे आले. गठ्ठा मोठा होता आणि बाईंचा हात सवयीने चालत होता. मुलीच्या कागदावर मला ठेवलं तेव्हा सुरुवातीची भोकं काळी, काळी, काळी. मग एक कोरं. मग दुसरं कोरं. मग कोऱ्यांची रांगच लागली. मध्येच एखादं चुकून काळं, पुन्हा कोरं. शेवटचंही कोरं.

मित्रांनो, तेव्हाची माझी तडफड तुम्हाला कशी सांगू? वरून सगळं पांढरं फटक दिसत होतं, आणि खाली माझ्या पोटाला मात्र शाईचे ठिपके लागत होते. तेही कसे? प्रत्येक कोऱ्या भोकाच्या बरोब्बर वर, एक ओळ अंतरावर. एका भोकाचं असं झालं असतं तर योगायोग म्हटला असता. इथे रांगच्या रांग. बाई, मी मनात म्हणत होते, मला एकच ओळ वर सरकवा. बोट लावा नुसतं. पण पुठ्ठ्याला कुठलं तोंड? भोकं एवढी पाडली, त्यातलं एक बोलायला पाडलं असतं तर काय बिघडलं असतं? बाईंनी “कमाल आहे” म्हणून उसासा टाकला, लाल पेनाने आकडा लिहिला आणि मला उचलून पुढच्या कागदावर ठेवलं.

काकांना तर हवं होतं तेच मिळालं. त्यांनी भरल्या वर्गात सांगितलं की एकटीला बसवलं आणि पितळ उघडं पडलं. वर म्हणाले, “गोगलगाय आणि पोटात पाय.” मुलं हसली. काही मुलं नुसतीच हसायचं म्हणून हसली, पण हसणं ते हसणंच. मुलीचं नाव खालच्या यादीत गेलं आणि तिच्या घरी फोन गेला, की तुमची मुलगी आजवर कॉपी करत होती.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आई दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. तशीच कामाच्या कपड्यांत आली होती. ऑफिसच्या टेबलाच्या एका बाजूला बाई आणि काका, दुसऱ्या बाजूला मायलेकी, आणि मध्ये पेपरवेटखाली मी.

काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. मुलगी म्हणत होती की तिने कधी कोणाचं बघितलं नाही. किती वेळा म्हणाली कोण जाणे, दर वेळी आवाज बारीक होत गेला. आईने कागद बघायला मागितला. काका म्हणाले, तसा नियम नाही. ही प्रश्नपत्रिका आम्ही दर वर्षी वापरतो, कागद बाहेर गेला तर उत्तरं फुटतात.

आई शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे एखाद्याचा रिपोर्ट भलताच आला ना, तर आम्ही माणसाला चोर म्हणत नाही. परत सुई टोचतो.”

बाईंना ते लागलं असावं. त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला, मुलीचा कागद शोधला आणि मला पेपरवेटखालून ओढून तिच्या हातात दिलं. स्वर कडकच होता. “घे. तूच ठेव आणि तूच मोज. म्हणजे आमच्या नावाने ओरडायला नको.”

तिने मला अगदी कडेला कड लावून ठेवलं, बाईंपेक्षाही नीट. हळूहळू वरून खाली मोजत गेली. घाई तिच्या स्वभावात नव्हतीच. काळी भोकं मोजून झाली, आकडा बाईंच्या आकड्याएवढाच निघाला. काकांनी खुर्चीत मागे रेलून हात बांधले. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता, कारण तिचं बोट शेवटच्या कोऱ्या भोकावर थांबलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

“शेवटचा मी सोडवला होता,” ती म्हणाली. “ब होतं उत्तर. मला आठवतंय, कारण ते केलं आणि घंटा झाली.”

काका म्हणाले, आता आठवणींवर गुण द्यायचे का. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मला थोडं उचललं आणि खाली वाकून बघितलं. शेवटची ओळ कोरी होती. तिच्या वरच्या ओळीत ब काळा होता. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिने मला पुन्हा कागदावर टेकवलं आणि अगदी हळू, गोगलगाईच्या चालीने, एक ओळ वर सरकवलं.

वरची पहिली काही भोकं कोरी झाली. त्यांच्या खालची जवळजवळ सगळी, शेवटच्या भोकापर्यंत, काळी झाली.

बाईंनी मला मुलीच्या हाताखालून घेतलं. एकदा जागेवर ठेवलं, खालचं सगळं पांढरं. एकदा वर सरकवलं, तेच सगळं काळं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग त्यांनी विचारलं, मधला कोणता प्रश्न सोडला होतास. मुलगी म्हणाली, टाकीचा. एका नळाने भरते आणि तळाच्या भोकातून गळते, ती टाकी. नंतर बघू म्हणून पुढे गेले, पण त्याची ओळ कोरी ठेवायची राहून गेली. पुढचं सगळं एकेक ओळ वर चढलं.

“टाकीनं बुडवलं म्हणायचं,” आई म्हणाली, आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

काका मात्र खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, असेल, पण खऱ्या परीक्षेत चाळणी सरकवायला कोणी बसलेलं नसतं. तिथे हिला एवढेच गुण पडले असते. यादी काचेवर लागलीय, सगळ्या पालकांनी वाचलीय, आता एकीसाठी बदलली तर उद्या रांग लागेल. मला त्यांचा इतका राग आला, आणि जास्त राग याचा आला की त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मुलीने मान वर केली. “गुण नका देऊ. बॅचपण नको. पण मी कॉपी केली असं म्हणू नका. वेंधळी म्हणा.”

“घरी आम्ही तेच म्हणतो,” आई म्हणाली.

बाई उठल्या. मला हातात घेऊन तशाच वर्गात गेल्या, काका मागून वहिनी वहिनी करत राहिले. सगळ्या मुलांसमोर त्यांनी सांगितलं की या मुलीने कॉपी केलेली नाही, तिची एक ओळ चुकली आणि आमची नजर चुकली. या वेळी कोणी हसलं नाही. दातांच्या डॉक्टरांचा मुलगा तेवढा म्हणाला की मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मीच तिला विचारायचो.

यादी काही बदलली नाही. काकांपुढे बाईंचं एवढंच चाललं. मुलगी मागच्या खोलीत मिचकावणाऱ्या ट्यूबखाली बसली, टीव्हीतल्या बाईंकडून शिकली आणि अडलं की जिन्यात खऱ्या बाईंना गाठू लागली. गोल काळा करण्याआधी प्रश्नाचा आकडा आणि ओळीचा आकडा दोन्हींवर बोट ठेवायची तिला सवय लागली. खालच्या बॅचमधली बाकीची मुलंही बघून बघून तसंच करू लागली. काका त्याला बोटं मोडणं म्हणायचे.

मायलेकी आल्या त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी आणखी एक गोष्ट केली होती. कमी गुणांचे सगळे कागद काढले आणि प्रत्येकावर मला एक ओळ वर, एक ओळ खाली सरकवून बघितलं. कुठेच काही जुळलं नाही. ज्यांना आलं नव्हतं, त्यांना आलं नव्हतं. बाईंना त्याने बरं वाटलं असावं. मला नाही वाटलं. कारण आधीच्या वर्षांचे गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले होते. त्यांतली किती मुलं अशीच एका ओळीने खाली उतरली, घरी जाऊन ‘आपल्याला नाहीच जमत’ म्हणाली आणि पुन्हा जिना चढली नाहीत, ते आता कोण सांगणार? त्यांच्या शाईचे ठिपकेही माझ्या पोटाला लागले असतील. मला आठवत नाहीत. त्या वेळी मी तोऱ्यात होते.

मोठ्या परीक्षेत मुलीला प्रवेश मिळाला. कॉलेज पहिल्या पसंतीचं नव्हतं, दुसऱ्या पसंतीचं होतं, पण मिळालं. तिचा फोटो काचेवर लावायला मात्र काका सगळ्यांच्या पुढे. ‘आमची गुणी विद्यार्थिनी’ असं खाली छापलं. फोटो काढायला ती आली नाही, म्हणून ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. त्यात ती कोणीतरी आत्ताच ओरडल्यासारखी दिसते.

आता क्लासने कागद वाचणारं यंत्र आणलंय. ते एका दमात गठ्ठा गिळतं आणि आकडे ओकतं. काका पालकांना सांगतात, यंत्र ना नात्याचं ना गोत्याचं. मी कपाटाच्या खालच्या खणात स्टेपलर आणि सुकलेल्या पेनांच्या संगतीत पडून असते. चिकटपट्टी सुटलीय, भोकं फाकलीत. माझी जागा गेली याचं मला दुःख नाही. पण त्या यंत्रात कागद गेला की तो कोणाच्या बोटाखाली येत नाही, याची धास्ती वाटते.

मित्रांनो, परीक्षेला बसाल तेव्हा सोडलेल्या प्रश्नाची ओळ कोरी ठेवा, हे तर मी सांगतेच. पण तुमच्यातलं कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी डॉक्टर, कोणी साहेब, कोणी यादीकाका. तुमच्यासमोर एखादं भलं माणूस अचानक सगळंच चुकलेलं दिसेल. त्याच्या नावापुढे लाल आकडा लिहिण्याआधी जरा एक ओळ वर, एक ओळ खाली सरकून बघा. बहुतेक वेळा काहीच जुळणार नाही. तरी बघा. मला स्वतःहून हलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.