छबूमावशीचा एक फोटो

सुनीलचा फोन आला तेव्हा मी एका कपाच्या कानावरून स्वतःशीच भांडत बसले होते. त्या कानात दोन बोटं बसवायची की तीन, यात माझी अख्खी सकाळ गेली होती.

"ताई, परवा आई गेली," तो म्हणाला. "झोपंतच गेली. गडबडीत तुमाला कळवायचं राहिलं. दहावा पुढल्या गुरवारी हाय, नदीवर."

मी "अरे देवा" म्हणाले.

"आन एक काम हुतं. फ्लेक्सला आईचा फोटो पायजे. बाबा म्हनले, ताईकडं हजार असतील, त्यातला एक चांगला बघून धाडा म्हनावं."

"धाडते," मी म्हणाले. आजच्या आज धाडते, असंही म्हणाले.

सुनीलची आई म्हणजे छबूबाई, माझी छबूमावशी. बाबा म्हणजे गहिनीनाथ, श्रीरामपूरच्या अलीकडे एका गावात चाक फिरवणारे कुंभार. गेली चार वर्षं मी दर आठवड्याला नगरहून त्यांच्याकडे जात होते. मी गाडग्यांचे आकार ठरवायचे, बाबा ती चाकावर काढायचे, आणि अर्धवट वाळली की मावशी ती थापून वाढवायची. आतून दगडाचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत जायचं. चाकावरून उतरलेलं जाड, ओबडधोबड गाडगं तिच्या मांडीवर हळूहळू फुगायचं. मग मी त्याचे फोटो काढायचे. शहरातल्या लोकांच्या ओट्यावर आमचं एकावर एक बसणारं दह्याचं गाडगं गेलं ते असं.

मी डिझाइन शिकलेली आहे. फोटोग्राफी माझी मीच शिकले, आणि माती शिकायला म्हणून या घरात आले. मुलाखतीत मला हमखास विचारायचे की तिन्ही गोष्टींचा तोल कसा सांभाळता. मी सांगायचे, सकाळी माती, दुपारी डिझाइन, ऊन कललं की कॅमेरा. ऐकायला छान वाटायचं आणि छापूनही यायचं. आज ते कात्रण समोर आलं तर मी चुलीत घालेन.

फोन ठेवला आणि फोटो उघडले. चार वर्षांचे साडेअकरा हजार होते. पहिल्या तासाभरात मी निर्धास्त होते. बाबा चाकावर, बाबांचे हात, बाबांच्या कपाळावरचा घाम, भट्टीतून निघणारी लाल गाडगी. उजेड सुरेख पकडला होता मी. स्वतःवर खूश होत पुढे जात राहिले.

दुसऱ्या तासाला लक्षात आलं. मावशी सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. एका फोटोत तिचं कोपर होतं. एकात हिरव्या बांगड्या, एकात पदराचं टोक, पाचपन्नास फोटोंत मागे धूसर झालेली वाकलेली पाठ. एकात तिचा अर्धा चेहरा होता, उरलेला माठाआड. माझ्यातल्या डिझाइनवाल्या बाईला चौकट रिकामी लागते. फोटोवाल्या बाईला एका चौकटीत एकच माणूस लागतो. दोघींचं एकमत झालं होतं आणि मावशी बाहेर गेली होती.

मग व्हिडिओ लावले. तिथं मला माझाच आवाज ऐकू आला. "मावशी, जरा बाजूला होता का?" आणि लगेच तिचा, "व्हय बाई, सरकले." पुढच्यात परत, "मावशी, सावली पडतेय." "सरकले गं." एकूण चौदा व्हिडिओंत मी तिला बाजूला केलं होतं आणि चौदाही वेळा ती कुरकुर न करता सरकली होती. आवाज किती गोड लावला होता मी. कानशिलात मारावी असा गोड.

खरी लाज तर पुढेच आहे. माती मी शिकले ती कुणाकडून? बाबांचं चाक मला कधी जमलं नाही. मला हाताला धरून शिकवलं ते मावशीनं. माझी गाडगी बुडाला फाटायची. ती म्हणायची, "बघू नको, डोळं मिट. आवाज ऐक. भांडं पातळ झालं की त्याचा आवाज बदलतो, तवा थांबायचं." मी डोळे मिटून थापायचे आणि ती शेजारी बसून नुसतं "अजून", "अजून", "बास" म्हणायची. तिच्या "बास"नंतर मी एकदा हौसेनं दोन थापा जास्त मारल्या, तर गाडगं हातात फाटलं. ती हसून म्हणाली, "तुला थांबायचं कळंना, मनवा." म्हणजे माझ्यातल्या कुंभारणीला पक्कं ठाऊक होतं की गाडगं कुणाच्या मांडीवर घडतं. ऊन कललं की मात्र मी हात धुवायचे, कॅमेरा काढायचे आणि तिला सरकवायचे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक गाडग्याखाली छापलं, 'गहिनीनाथ यांच्या हातून'. तिनं ते सुनीलकडून वाचून घेतलं होतं. "झ्याक दिसतंय," एवढंच म्हणाली होती.

दुपारी मी आणखी एक मूर्खपणा केला. तो अर्धा चेहरा घेतला, कॉम्प्युटरवर उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडला. डिझाइनवाल्या माणसाला वाटतं की काहीही जुळवता येतं. पडद्यावर एक अनोळखी बाई आली, दोन्ही नाकपुड्यांत मोरणी घातलेली. मी ती पुसून टाकली आणि रडले.

रडताना दिवाळी आठवली. म्हणजे विसरले नव्हतेच, फक्त तिकडे बघत नव्हते. दिवाळीच्या आठ दिवस आधी अंगणभर पणत्या वाळत पडल्या होत्या. सांजेचं ऊन भिंतीवरून उतरत होतं आणि मी घाईत होते. तेवढ्यात मावशी घरातून बाहेर आली. हिरवं इरकल नेसलेली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. दाराच्या चौकटीला टेकून जरा लाजतच म्हणाली, "माझा एक काढ की. एकटीचा. पोरींच्या लग्नातला हाय, पन त्यात पदर नाकापतूर आलाय."

"काढते ना मावशी," मी म्हणाले, "थांबा हं जरा, ऊन जाईल, आधी पणत्या उरकते."

ऊन गेलं. पणत्यांचे एकशेदहा फोटो निघाले. मी वळले तेव्हा ती जुनं पातळ नेसून चुलीपुढे बसली होती. चाकापाशी बसलेल्या बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि परत चाकाला काठी लावली. "पुढच्या खेपेला नक्की," मी म्हणाले. नंतर चार खेपा झाल्या.

संध्याकाळी मी सुनीलला फोन केला. "सापडत नाहीये रे," म्हणाले. दुसरं काही बोलायचं धाडस झालं नाही.

"बरं ताई. आमच्याकडं फोनात हायेत, पन सगळे हललेले. माझी धाकटी मावशी म्हनली हुती, श्रीरामपूरला जाऊन स्टुडिओत काढू दोघी बहिनी. तर आई म्हनली, कशाला, आपली मनवा काढील की." त्यानं हे टोचायचं म्हणून सांगितलं नव्हतं. "आसू द्या. आधारवरचा लावतो."

गुरुवारी मी गेले. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला होता, आणि नदीकाठी उतरल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. फ्लेक्स दोन बांबूंना बांधला होता. आधार कार्डावरचा फोटो वाढवून वाढवून छापलेला. डोळे विस्फारलेले, गाल चौकोनी चौकोनी, चेहऱ्याला ओळख नाही. तिला ओळखणारी माणसंसुद्धा खालचं नाव वाचत होती.

पिंडाला कावळा शिवला. माणसं उठली, बाया घोळक्यानं बसल्या. बाबा झाडाखाली सतरंजीवर होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि खाली बसले. सगळं सांगायचं ठरवून आले होते. पणत्या, इरकल, चौदा व्हिडिओ. "बाबा," एवढंच म्हणाले.

"चहा घेतला का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मावशीची धाकटी बहीण समोर येऊन उभी राहिली. नाक, हनुवटी हुबेहूब मावशीची. "ह्याच का त्या फोटोवाल्या?" तिनं बाबांना विचारलं, पण बघत माझ्याकडे होती. "चार वरीस येताय म्हनं दर आठवड्याला. मग माझ्या बहिनीचा एक फोटो न्हाई निघाला तुमच्याच्यानं? काय अवदसा लावलीया तिथं बांबूला."

आजूबाजूच्या बाया वळून बघू लागल्या. मी तोंड उघडलं. खरं सांगायची वेळ आलीच होती, आणि खरं म्हणजे मला हायसंच वाटलं होतं.

"तिलाच आवडत न्हवतं," बाबा म्हणाले.

बहीण त्यांच्याकडे वळली.

"कॅमेरा बघितला की पळायची ती," बाबा सावकाश बोलत होते, प्रत्येक शब्द चाचपून ठेवल्यासारखा. "ताई लई मागं लागायच्या. मावशी बसा, मावशी थांबा. ही कुठली ऐकतीया. व्हय ना, ताई?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दिवाळीच्या आधी चाकापासून बघितलं होतं, तेच डोळे. रागाचा मागमूस नव्हता. सगळं ठाऊक होतं त्यांना, आणि ते ठाऊक असूनच ते मला त्या प्रश्नातून बाजूला काढत होते.

नाही म्हणायला हवं होतं. त्या बहिणीला कळायला हवं होतं की तिची बहीण पळाली नव्हती, नटून दारात उभी राहिली होती. तेवढं तरी मावशीचं देणं लागत होते मी. बाया वाट बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "खूप मागं लागले होते मी."