राहीचं आवतन

दिघीच्या खाडीकाठी कोळीवाड्यात दसऱ्याला देवीची पालखी निघायची, आणि तिला खांदा द्यायला वरच्या गावचे शेतकरी उतरून यायचे. पण एका दसऱ्याला पहिल्या नारळाच्या मानावरून बोलाचाली झाली. वरच्या गावचे अंबाजी भरल्या ताटावरून उठले, आणि त्यांच्यामागोमाग सगळं गाव उठलं. त्याला सहा वर्षं झाली होती; तेव्हापासून पालखीला वरून कुणी उतरलं नव्हतं.

एकोणीसशे एकतीस साली घट बसले त्या दिवशी वाड्यातल्या राहीनं देवळात सगळ्यांसमोर विषय काढला. "वरच्या गावाला आवतन धाडा."

वाड्याचा म्होरक्या येसाजी म्हणाला, "दर साली शिवेवर दवंडी पिटतो की! ऐकतात बरोबर."

"शिवेवरनं हाकारायला ती काय गुरं हायत? दारात जाया पायजे."

"मग तूच जा," कुणीतरी हसलं.

राही खरंच गेली. वीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती वरच्या गावाची चढण चढत होती. नवरात्रात मात्र वर मासळी शिजत नसे, त्यामुळे या दिवसांत ती तिकडे कधी फिरकलीच नव्हती. पाटीशिवाय चालताना हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना.

पहिलंच घर मनुबाईचं. "अगं राही, नवरात्र हाय! मासळी न्हाय चालत."

"इकाया न्हाय आले, वयनी. बोलवाया आले. दसऱ्याला पालखीला या."

मनुबाईनं तिला ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं. आजवर राही अंगणातूनच परतलेली. "आमचं मन हाय गं," मनुबाई हळूच म्हणाली, "पण अंबाजीभावजी उठल्याबिगर कोण उठणार?"

घरोघर हेच उत्तर. शेवटी ती अंबाजींच्या खळ्यावर गेली. ते दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "येसाजीला पाय न्हायत?"

वाटेत जुळवलेलं गोड बोलणं राहीला ऐन वेळी आठवेना. "हायत. पण त्याला लाज वाटते. नारळ त्यानं फोडला, पण मान तुमचाच व्हता, दादा. आमच्या सगळ्यांना ठावं व्हतं. मलाबी. पण कुणी तोंड उघडलं न्हाय."

अंबाजींचे हात थांबले. "सहा वर्सांत हे कुणी म्हटलं न्हाय."

"आता मी म्हणते."

त्यांनी दोराचा पीळ पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "बघू."

परतल्यावर राहीनं येसाजीला शब्दन् शब्द सांगितला. तो भडकला. "वाड्याची अब्रू वेशीला टांगलीस!" म्हणाला, आणि चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

दसऱ्याला पालखी सजली. ऊन चढलं तरी येसाजी उचलायची आज्ञा देईना. सारखा चढणीकडे बघत होता. अखेर वळणावर लुगड्यांचे रंग दिसले. मनुबाई आणि बाया नव्या भाताच्या लोंब्या घेऊन उतरत होत्या. मागून बाप्ये, आणि सगळ्यांत मागं काठी टेकत अंबाजी.

येसाजीनं नारळ उचलला आणि अनवाणी त्यांना सामोरा गेला. त्यानं नुसता नारळ पुढं केला.

अंबाजींनी तो घेतला, हातात तोलला. "फोडू," ते म्हणाले, "पण आधी पानी पाज बाबा. ऊन लय हाय."

राही लगबगीनं वळली. उतरणीवरून माणसं अजून येतच होती. तिनं शेजारच्या तुळशीला हाक घातली, "तुळशे, घरातले तांबे काढ गं! असतील तेवढे सगळे!"