दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

ड्रम बडवणाऱ्या दणक्याच्या बँडची एकच तबकडी निघाली आणि तिच्यातलं एकच गाणं लोकांच्या तोंडी बसलं. दाढी करताना, भांडी घासताना माणसं तेच गुणगुणायची. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

ते धाकटीनं गायलं होतं. धाकटी म्हणजे दणक्याची पाठची बहीण. तबकडी बाजारात आली त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मागे उरलं एवढं एक गाणं, आणि त्यातही दणक्याचे ड्रम असे कोसळायचे की पोरीचा शब्द कानी पडेल तर शपथ!

"मला एकदा नुसती ती ऐकव," आई म्हणायची. "वाजवणारे गेले खड्ड्यात."

"मीच तो वाजवणारा, आई."

"तुलाच म्हणतेय मी."

आता आईचे कान दिवसागणिक मिटत चालले होते. अशात बँडमधल्या गिटारवाल्याच्या माळ्यावर मूळ टेप सापडली आणि दणक्याला आभाळ ठेंगणं झालं. ती घेऊन तो तडक स्टुडिओवालीकडे गेला. जुन्या टेपा जगवण्यात तिचा हातखंडा होता.

"टेप चिकट झालीय, काका. मंद आचेवर दिवसभर शेकायची, मग वाजवायची. तीही दोन-तीनदाच. घाई केलीत तर गाणं खरवडून हातात येईल."

"पण तिचा आवाज वेगळा मिळेल ना?"

"या टेपेवर आठ पट्ट्या असतात. ज्याची त्याची वेगळी. बाकीच्या बंद केल्या की ती एकटी गाईल."

झालं! माणसाची आशा म्हणजे काय विचारता, बोट दिलं की हात धरते. दणक्यानं आईला ठेवणीतले कपडे घालायला लावले आणि आणून बसवलं थेट यंत्रापुढे. आईनं डोळे मिटून हात जोडले.

स्टुडिओवालीनं गिटार बंद केली. मग साथीचे गायक, मग बासरी. एकेक करत सगळे गप्प झाले. शेवटच्या पट्टीवर ड्रम घणाघणा वाजत होते आणि त्यांच्या तळाशी, कुठेतरी, धाकटी.

"आता ड्रम बंद कर," दणक्या म्हणाला.

"ती त्यातच आहे, काका. त्या काळी पट्ट्या संपल्या की दोन आवाज एकीत ओतायचे आणि रिकाम्या झालेल्या पट्टीवर नवं भरायचं. तिच्या मूळ पट्टीवर आता दुसरा ड्रम आहे."

 दुसऱ्या ड्रमचा हट्ट दणक्याचाच. बहिणीचं गाणं लुळं पडू नये, भरल्या घरासारखं वाटावं, म्हणून! मायेपोटी केलं होतं हो ते.

"संगणकाला सांग ना वेगळं करायला."

"शेकलेल्या टेपेची नक्कल उतरवून काल रात्रीपर्यंत तेच करत होते; तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. ड्रम काढला की तिचे शब्दही सोलून निघतात."

दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस असतो म्हणतात. असेलही. त्या खोलीत नव्हता.

"काय ठरलं?" आईनं मोठ्यानं विचारलं. "लावा की!"

नाही म्हणायला दणक्याची जीभ रेटेना. त्यानं हेडफोन आईच्या कानांवर बसवले आणि स्टुडिओवालीला खूण केली. आई पुढे झुकली. कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं हात वर केला, गर्दीत कुणाला थांब म्हणावं तसा. गाणं संपलं. यंत्राच्या तोंडाशी टेपेचा तपकिरी भुगा जमला होता.

"तूच आहेस सगळीकडे," आई म्हणाली.

"आई, जरा लक्ष देऊन..."

"दिलं रे." तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "सकाळपर्यंत मला तिचा आवाज आठवत होता, बाळा. आता तिथंही तुझा ड्रम वाजतोय."