माळवदाखालची दुपार

शहात्तर सालच्या चैत्रात प्रभा आणि शरच्चंद्र गगनबावड्याहून सोलापूरला आले ते महिनाभर राहून बघायला. शरच्चंद्र जंगलखात्यातून निवृत्त झाले होते, सरकारी घर सोडायचं होतं आणि प्रभाचा दमा तिथल्या ओल्या हवेत वाढतच चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, कोरड्या हवेत जा. पेन्शनीत भागेल असं कोरडं गाव शरच्चंद्रांनी शोधलं.

त्यांनी पत्र्याची खोली घेतली. भाडं कमी, ज्वारी स्वस्त, नळ अंगणातच. पण सकाळ सरायच्या आत पत्रा तापायचा. प्रभा खिडकीला ओली चादर टांगून फरशीवर पडायची. शेजारच्या यंत्रमागांची खटखट ऐकता ऐकता तिला वाटे, आपण खोल पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर कुठंतरी पांढरा उजेड हलतोय. छातीतली घरघर कधी थांबली ते तिला कळलंसुद्धा नाही. सवयीनं ती अजून जपूनच चाले, जपूनच बोले.

शरच्चंद्रांना मात्र ऊन सोसेना. दोनदा घोळणा फुटला. जेवण तुटलं. तरी म्हणत, "होईल सवय."

एका दुपारी ते भाजी आणायला गेले. प्रभाला डुलकी लागली होती. तेवढ्यात शेजारची केराबाई दारात ओरडली, "बाई, उठा की! तुमचं मालक कोपऱ्यावर पडल्यात!"

प्रभा तशीच अनवाणी पळाली. गल्ली पांढरीफेक पडली होती. बंद दारं दोन्ही बाजूंनी तरंगत मागं जात होती आणि अंगाला वजनच उरलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या घराच्या मालकांनी, सिद्रामप्पांनी, शरच्चंद्रांना उचलून आत निजवलं होतं. ते डोक्यावर पाणी थापत होते. "घाबरू नका अक्का, ऊन लागलंय. शुद्धीवर हायत."

घर माळवदाचं होतं, वर हातभर जाड मातीचं छप्पर. आत विहिरीसारखा गारवा.

प्रभा त्यांच्या उशाशी बसली. "परत जाऊ या. तुम्हाला हे सोसायचं नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. "तू पळत आलीस?"

"मग काय करू?"

"खोलीपासून इथवर?"

तिनं छातीवर हात ठेवला. काळीज धडधडत होतं, पण श्वास सरळ आत जात होता, सरळ बाहेर येत होता. ती हसायला गेली आणि रडू फुटलं.

"आता कुठं जायचं नाही," शरच्चंद्र म्हणाले.

"पण पत्र्याखाली नाही राहायचं."

सिद्रामप्पांच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडं जवळजवळ दुप्पट.

"म्हणजे रेडिओ घ्यायचा राहिला," शरच्चंद्र म्हणाले. "वर्षातून दोनदा मुलीकडे जाणंही."

"ती येईल की इकडे."

केराबाई पन्हं घेऊन आली होती. ती म्हणाली, "साहेब, हितं उन्हाशी भांडायचं न्हाय. ते हाय तवर निजायचं."

शरच्चंद्रांनी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात सामान हललं. पहिल्या दुपारी प्रभानं फरशीवर पाणी शिंपडलं. शरच्चंद्र भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले. ती त्यांच्या शेजारी आडवी झाली. डोळे मिटताच तिला गगनबावड्याचा चढ दिसला, हिरवा, उंच, आणि ती तो न थांबता चढत होती.