हळदीकुंकवाची फॉस्टिना

मित्रांनो, मी एक जुने सोन्याचे नाणे आहे. जुने म्हणजे किती, तर अठराशे वर्षांहून अधिक! माझ्या अंगावर फॉस्टिना या रोमन सम्राज्ञीचा चेहरा आहे. सरळ नाक, घट्ट अंबाडा. हातोड्याचा घाव सोसून मी जन्मले, मग मिऱ्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर जहाजाने हिंदुस्थानात आले आणि तिथेच रमले.

पुढे एका सोनाराने मला कडी लावून पुतळ्यांच्या माळेत ओवले. बाकीच्या पुतळ्या पातळ, मी जाडजूड, म्हणून मान मधला! घरातल्या बायकांनी माझा चेहरा पाहिला आणि ठरवून टाकले, ही लक्ष्मीच. दर लक्ष्मीपूजनाला मला हळदकुंकू मिळू लागले. सम्राज्ञीची मी देवी झाले. खरे सांगू? मला ते फार आवडले.

ती माळ त्याच घरातल्या सुचेताआजींबरोबर इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आली. गेल्या महिन्यात मात्र माझ्यावर संकट आले. त्यांची नात ईशिता हिच्या लग्नासाठी माळ आटवून हलका हार करायचे ठरले. लंडनमधल्या इल्फर्डच्या एका सोनाराने आजी-नातीसमोरच दोरा कापला आणि एकेक पुतळी आटवायच्या डब्यात टाकायला घेतली. माझी पाळी आली.

"अहो थांबा! ती लक्ष्मी आहे, ती आटवायची नाही," आजी म्हणाल्या.

ईशिताने मला उचलले आणि कडेला साठलेले कुंकू ओल्या टिशूने साफ केले. "आजी, ही लक्ष्मी नाहीये. तिचा नाव लिहिलाय बघ. फाव्हस्टिना... नो, वेट! रोमन लोक यूच्या जागी व्ही लिहायचे, प्रायमरी स्कूलमध्ये शिकवलं होतं. फॉस्टिना! शी इज रोमन, आजी!"

"तो डाल दूँ, आंटीजी?" सोनाराने हात पुढे केला.

माझे देवपण गेले होते. आता मला कोण वाचवणार? मी पुरते घाबरले.

आजींनी मला तळहातावर घेतले. "फॉस्टिना," त्या हळूच म्हणाल्या. "बाई गं, इतकी वर्षं आम्ही तुला भलत्याच नावानं हाक मारली, आणि तू ओ देत राहिलीस! ईशू, हिला तशीच घाल गं लग्नात."

मित्रांनो, त्या घराचे उपकार मी कसे विसरू? तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू पडून असेल. मोडीत काढण्याआधी तिला उजेडात धरा, तिचे नाव वाचा. वाचता नाही आले, तर चुकीच्या नावाने का होईना, पण प्रेमाने हाक मारा. मी तेवढ्यानेच वाचले.