चिवचिवणारे हिरवे बूट

दाताच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या चिमीला एखादी वस्तू आवडली, की ती एकटीनं आवडून घेणं तिला जमायचंच नाही. पहिली धाव भूमितीकडे. भूमिती म्हणजे तिची लहानपणापासूनची मैत्रीण. शाळेत भूमिती शिकवायची, म्हणून चिमीनं ठेवलेलं नाव. दर शनिवारी दोघी भेटायच्या आणि आठवडाभरात काय काय गवसलं ते एकमेकींपुढे मांडायच्या. कधी पितळी बटणं, कधी एखादं गाणं, कधी जुन्या पडद्यातून शिवलेला झगा.

एका शनिवारी चिमी धापा टाकत आली. "अगं, छत्रीवाल्याच्या मागच्या बोळात एक आजोबा बूट शिवतात. हिरवे! पोपटी नाही, शेवाळी नाही, नुसते हिरवे!"

"चावतात का?"

"लोणी आहे, लोणी!"

दोघींचं माप एकच. तासाभरात चारही पाय हिरवे झाले आणि तसेच संध्याकाळी व्हायोलिनच्या कार्यक्रमाला गेले.

पोहोचायला उशीर झाला होता. वादन अगदी हळुवार चाललेलं आणि जागा तिसऱ्या रांगेत. चिमीनं लाकडी जमिनीवर उजवा पाय टाकला. चुईं! मागून भूमितीचा डावा पाय बोलला. चुईं!

"टाचांवर चाल," भूमिती कुजबुजली.

टाचांवर तर जास्तच जोरात वाजले. वादकानं एक डोळा उघडला. कडेच्या खुर्चीवरच्या आजींनी पाय वर घेऊन विचारलं, "उंदीर आहे का गं?"

कशाबशा खुर्च्या गाठून दोघींनी बूट काढले, पायांनीच खाली सरकवले. मग व्हायोलिननं असं काही धरलं, की दोघी नाक पुसत बसल्या आणि बुटांचा विसर पडला. शेवटी गर्दी उठली, तेव्हा अंधारात पायांना जे लागलं ते घातलं.

बाहेर येताच चिमीचे दोन्ही पाय चिवचिवू लागले. भूमितीचे गप्प.

"बघ, माझे बसले!" भूमिती ऐटीत फेऱ्या मारू लागली. "तू पाऊल तिरकं टाकतेस. कोन चुकतो तुझा."

डावे बूट बदललेत, हे चिमीच्या ध्यानात आलं. पण हे बूट तिनंच भूमितीच्या गळ्यात मारलेले. तिनं ते पोटातच ठेवलं.

सोमवारी दवाखान्यात एक सहा वर्षांची मुलगी अर्धा तास ओठ घट्ट मिटून बसली होती. चिमी ट्रे घेऊन आली. चुईं, चुईं! मुलगी खो खो हसली आणि डॉक्टरांनी संधी साधली. चिमीच्या पेहरावाबद्दल कधी चकार शब्द न काढणारे डॉक्टर म्हणाले, "हे रोज घालत जा."

आता कुठलं पोटात राहायला! तिनं फोनवर सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा डावा तुझ्याकडे? परत दे!" भूमिती म्हणाली. "दुपारच्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो माझा."

"मुळीच नाही."

मग शनिवारी दोघी त्या आजोबांच्या दुकानात. "वाजणारी जोडी आहे का?" भूमितीनं विचारलं.

"चाळीस वर्षांत माझा बूट वाजलेला नाही," आजोबा दुखावून म्हणाले.

भूमिती एकेक जोडी चढवून दुकानभर पाय आपटत फिरली. नववी जोडीही मुकीच निघाली. ती जांभळी होती, म्हणून दोघींनी घेतली.