तीन रेघांची फळी

लक्ष्मीबाईंनी फळी फोडली तेव्हा मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरंसुद्धा भर्रकन उडाली.

सत्तरी ओलांडलेली बाई. स्टेजच्या तीन पायऱ्या चढायला तिला दोघींनी काखेत धरलं होतं. आणि आता ती दोन हातांत फळीचे दोन तुकडे घेऊन नातवाच्या बारशातले पेढे दाखवावेत तशी गर्दीला दाखवत होती. सगळं लोहारा गाव लोटलं होतं. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग माणसं खिडक्यांच्या गजांना लटकली.

"मातोश्री, काय फुटलं?" वज्रहस्त महाराजांनी माइक पुढं केला.

"फळी की महाराज."

"न्हाई! फळी दिसायला फुटली. आतून काय फुटलं?"

लक्ष्मीबाईंनी घाबरून लुगडं चाचपलं.

"गुडघ्याचा वात फुटला!" महाराज गरजले. "चाळीस वर्षांचा वात, चार सेकंदांत! भक्तहो, हा माझा हात हात न्हाई, हा ट्रान्सफॉर्मर आहे. कैलासावरची शक्ती हाय व्होल्टेज असते, डायरेक्ट घेतली तर माणूस जळून जाईल. म्हणून ती इथं स्टेप-डाऊन होते आणि वज्रपीठातून तुमच्या तळहातात जाते. फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे, बस्स."

बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलेली महेश्वरी महाराजांच्या हाताकडं पाहतच नव्हती. ती वज्रपीठाकडं पाहत होती. भगव्या शालीत गुंडाळलेलं, झेंडूच्या माळा घातलेलं, कमरेएवढ्या उंचीचं लोखंडी मेज. वर समोरासमोर दोन जबडे, मध्ये मोकळी जागा, बाजूला फिरवायचा दांडा. जबड्यांच्या खोल खाचेत फळीच्या दोन कडा अडकवायच्या, दांडा पिळून आवळायच्या आणि मधोमध तळहात मारायचा. शालीखालून डावा मागचा पाय दिसत होता. त्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर तारेनं बांधलेलं होतं. ती तार महेश्वरीनं आठवीत असताना स्वतः पिळली होती.

ते मेज तिच्या अप्पांचं होतं.

तिचे वडील कल्याणप्पा मास्तर शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कराटे. आधी फळी धरायला दोन मुली उभ्या राहायच्या. मारणारी ओरडली की धरणाऱ्या डोळे मिटून हात मागं घ्यायच्या, फळी जागच्या जागी डुलायची आणि मारणारीचा हात सुजायचा. "दोष मारणारीचा न्हाय, धरणारीचाबी न्हाय. लोखंडाला भीती वाटत न्हाय, त्यालाच धरू दे," असं म्हणून अप्पांनी गेट-ग्रील करणाऱ्याकडं बसून हे मेज करून घेतलं. नळदुर्गच्या हायवेवर यंत्रांची खोकी उतरायची, त्यांचं पाइनचं लाकूड भंगारवाल्याकडून आणायचं, आठ इंची चौकोन कापायचे आणि गच्चीवर आठवडाभर वाळत घालायचे. वाळलेल्या फळीवर पेन्सिलीनं एक बाण काढायचं काम महेश्वरीचं असे.

नऊ महिन्यांपूर्वी शाळेला निघताना, बूट घालता घालता अप्पा गेले. एका बुटाची नाडी बांधलेली होती. दुसऱ्याची तिनंच सोडवली.

महेश्वरी सोलापुरात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. परवा शनिवारी ती घरी आली तर फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या तीन कुप्या, सीलसुद्धा न फोडलेल्या. साखर मोजायच्या यंत्रावर धूळ. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पायाच्या अंगठ्याला जखम, आठ दिवसांची, कडेनं काळपटलेली. बोट टोचून पाहिलं तर आकडा चारशेच्या वर.

"सोडली मी सुई," अव्वा म्हणाली. शांतपणे, एखादी मालिका बघायची सोडल्यासारखं. "तीन आठवडे झाले. मी फळी फोडली ना! महाराज भेटायला आले, म्हणाले, मास्तर गेले न्हाईत, त्या मेजात बसलेत, त्याचं वज्रपीठ करू. म्हणून मी ते देऊन टाकलं. आणि महेश्वरी, मी मारलं तेव्हा... खरंच सांगते, त्यांचा हात माझ्या हातात होता."

महेश्वरीनं दोन दिवस समजावलं. अव्वा एवढंच म्हणाली, "सोमवारी महाराजांना विचारू. ते हो म्हणाले तर येते दवाखान्यात."

म्हणून आजचा सोमवार, आणि शेजारी अव्वा.

"कुणाला शंका आहे का?" महाराजांनी विचारलं.

"हाय की!" किराणा दुकानदार हणमंतप्पा उठले. "महाराज, म्या साखरेचं पोतं एकट्यानं खांद्यावर घेतो. हे फळकूट काय चीज हाय?"

"या. श्रद्धा किती टक्के?"

"आता बघा, दुकानदार माणूस. खोटं कशाला बोलू? धा टक्के."

लोक हसले. महाराजही हसले आणि मागं वळून म्हणाले, "शंभुलिंग, यांना प्रसाद दे."

शंभुलिंग हा महाराजांचा पट्टशिष्य, पन्नाशीचा, तोंडात कायम काहीतरी चघळणारा. त्यानं ढिगातून एक फळी उचलली. फळ्या सगळ्या गेरूनं रंगवलेल्या, वर विभूतीच्या तीन रेघा ओढलेल्या, त्रिपुंड्राच्या. त्यानं फळी कपाळाला लावली, उपरण्यानं पुसली आणि जबड्यात बसवली.

हणमंतप्पांनी हात उगारला. "जय शिवशंकर!"

ठप्प.

"आयायायाया!" हणमंतप्पा हात काखेत धरून गोल फिरले. फळी जशीच्या तशी.

"धा टक्के श्रद्धा, धा टक्के फ्रिक्वेन्सी," महाराज म्हणाले. सभागृह शहारलं. अव्वानं हात जोडले.

महेश्वरी मात्र ताठ झाली होती. लक्ष्मीबाईंच्या फळीवरच्या तीन रेघा जबड्यांच्या कडेकडेनं धावत होत्या. हणमंतप्पांच्या फळीवरच्या रेघा या जबड्यापासून त्या जबड्यापर्यंत. पुसता पुसता शंभुलिंगनं फळी पाव फेरा फिरवली होती. चौकोनी फळी, कशीही ठेवा, चारी बाजूंनी सारखीच दिसणार. फरक दाखवणार फक्त त्या रेघा.

आणि पूर्वी तिथं बाण असायचा, पेन्सिलीचा.

तेवढ्यात अव्वा उभी राहिली. "महाराज, माझी पोरगी म्हणते सुई पुन्हा घे."

महाराजांनी डोळे मिटले. "मास्तर ऐकताहेत, माई. या पीठातून ऐकताहेत. तुम्ही सुई घेतली म्हणजे त्यांच्या शक्तीवर अविश्वास दाखवला. ते उठून जातील. मग मला बोलू नका."

अव्वाचा चेहरा एवढासा झाला. ती खाली बसली आणि महेश्वरी उठली.

"महाराज, मला फोडायचीये."

"या, या! मास्तरांची कन्या!" महाराज खुलले. "भक्तहो, आता रक्ताचं कनेक्शन बघा."

"थांबा. आधीच सांगते, माझी श्रद्धा शून्य टक्के आहे."

गर्दीत कुजबुज झाली. महाराजांचं हसू जागच्या जागी वाळलं. "मग न्हाई फुटणार, बेटा. हात मोडेल."

"नक्की?"

"शिवाची शपथ."

शंभुलिंगनं फळी उचलली, कपाळाला लावली, पुसली, बसवली. तीन रेघा या जबड्यापासून त्या जबड्यापर्यंत. महेश्वरीनं दांडा सैल केला, फळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून पाव फेरा फिरवली आणि पुन्हा आवळली.

"अहो, पीठाला हात लावायचा न्हाई!" शंभुलिंग ओरडला.

"माझ्या बापाचं मेज आहे, काका." ती गर्दीकडं वळली. "हणमंतप्पा मामा, श्रद्धा किती टक्के राहिली आता?"

"आता? आता उधारीवरबी न्हाय!"

"डाव्या हातानं मारा."

हणमंतप्पांनी आधी फळीकडं, मग सुजलेल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "पोरी, उद्या दुकान कसं उघडू?"

"मारा तर."

मारली. फाट् करून दोन तुकडे खाली पडले. हणमंतप्पा स्वतःच्या डाव्या हाताकडं असे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

"योगायोग!" महाराज म्हणाले. "माझ्या सान्निध्यामुळं..."

"मग तुमच्या सान्निध्यात सगळ्यात जास्त तुम्हीच असता ना? तुम्ही फोडा." महेश्वरीनं नवी फळी घेतली, रेघा या जबड्यापासून त्या जबड्यापर्यंत घालून बसवली, दांडा आवळला.

"आज सोमवार. मी फक्त शक्ती देतो, घेत न्हाई."

"असं कसं महाराज?" स्टेजच्या कडेला तुकडे मांडीवर घेऊन बसलेल्या लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भाबडेपणाशिवाय काहीही नव्हतं. "म्या म्हातारीनं फोडली. तुमी तर ट्रान्सफॉर्मर. मारा की!"

"मारा! मारा!" खिडकीतले लोक ओरडू लागले. भक्तही ओरडू लागले, ते श्रद्धेनं. आता इलाज नव्हता. महाराजांनी तीनदा ओंकार केला, हात आकाशाकडं नेला आणि हाणला.

ठप्प.

कैलासाकडून काय उत्तर आलं माहीत नाही, महाराजांच्या तोंडून मात्र "आई गं, मेलो!" एवढंच शुद्ध मराठी निघालं.

"डीपी जळाली जणू!" हणमंतप्पा म्हणाले, आणि ज्या सभागृहात सकाळपासून शहारे येत होते तिथं खसखस पिकली.

महेश्वरी हसली नाही. तिनं ओल्या फडक्यानं एका फळीवरच्या रेघा सोडून बाकीचा गेरू पुसला. खाली लाकडाचे रेषे दिसू लागले, विभूतीच्या रेघांना अगदी समांतर.

"लक्ष्मीबाई, चुलीला लाकूड फोडताना कुऱ्हाड कशी घालता?"

"उभ्या लाकडाला, टोकावर. सटकन चिरतं."

"आणि आडवं?"

"आडवं कोण तोडंल? घाम निघतोय..." लक्ष्मीबाई थांबल्या. त्यांनी मांडीवरचे तुकडे उचलले, डोळ्यांजवळ नेले, कडेवरून अंगठा फिरवला. "अगं बया! ही तर रेष्यातनं चिरलीया. सरपण हाय हे!"

"सरपणच आहे. रेषे जबड्यांच्या कडेनं ठेवले की फळी रेष्यांतून चिरते, मूलसुद्धा फोडतं. रेषे या जबड्यातून त्या जबड्यात गेले की सगळे मिळून झेलतात, पैलवानाचा हात सुजतो. गेरू लावला की तुम्हाला रेषे दिसत नाहीत. पण गेरूमुळं यांनाही दिसेनात, म्हणून विभूतीची खूण. देवाचं नाव आणि सुताराची खूण. काय हो शंभुलिंगकाका, तुम्ही अप्पांच्या उन्हाळी कराटे शिबिरात मदतीला होतात ना?"

शंभुलिंगनं चघळायचं थांबवलं. "दोन म्हैने होतो," तो खाली बघत म्हणाला. "मास्तरांच्या फळीवर बाण असायचा. बाण बरा दिसत न्हवता, म्हणून..."

महाराज तोवर पाण्याच्या पिंपात हात बुडवून मागच्या दारानं जीपकडं निघाले होते.

अव्वा केव्हा स्टेजवर आली ते कुणालाच कळलं नाही. ती मेजासमोर उभी होती. "म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या हातात ते न्हवतेच?"

सबंध सकाळ महेश्वरीला याच प्रश्नाची भीती होती. तिनं झेंडू काढले, शाल सोडली. खाली जबडा सरकायची पट्टी उघडी पडली. पट्टीवर छिन्नीनं कोरलेल्या खुणा होत्या, अप्पांच्या अक्षरात. जबडे जवळ येतील तशी फळी खाचेत खोल जाते आणि फोडणं अवघड होतं, म्हणून सगळ्यात आत 'नववी', मग 'सातवी', मग 'पाचवी'. आणि सगळ्यात बाहेर, जिथं फळी हाताच्या धक्क्यानं फुटेल तिथं: 'भितात त्यांच्यासाठी'.

जबडा तिथंच लावलेला होता. महाराजांनी त्याच खुणेवर सगळा कैलास चालवला होता.

अव्वानं अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"अव्वा," महेश्वरी म्हणाली, "ते यात बसलेले नाहीत. पण घाबरलेल्या माणसालाही फोडता यावी म्हणून त्यांनी विचार करून ही खूण कोरली. तो विचार खरा होता. तू मारलंस ते तुझ्याच हातानं."

अव्वानं अक्षरांवरचं बोट उचललं. मग तिनं पदर खोचला. "मेज उचला," ती म्हणाली. "आणि आधी दवाखान्यात चल. अंगठा ठणकतोय."

डॉक्टरांनी जखम साफ केली, सुई नव्यानं ठरवून दिली आणि आणखी आठवडा गेला असता तर अंगठा ठेवता आला नसता, असं सांगितलं. औषधं सोडायला लावून लोकांच्या जिवाशी खेळणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात कायदा आहे. पोलिसात द्यायच्या अर्जावर पहिली सही हणमंतप्पांनी केली, डाव्या हातानं.

पुढच्या सोमवारी ते मेज अव्वाच्या ओट्यावर होतं. शाल नाही, झेंडू नाही. गेरू न लावलेल्या फळ्या, पेन्सिलीचे बाण. गल्लीतल्या बायका एकेक करून फोडत होत्या, फिरवून बघत होत्या, हात चोळत होत्या, हसत होत्या. आत जाऊन पोटाला सुई टोचून आलेली अव्वा त्यांना सांगत होती:

"कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायची घाई करू नका. आधी फळी मागून घ्या. फिरवून बघा. फिरवू देत न्हाई म्हणाला, की उठा आणि घरी या. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध फळी फुटली म्हणून सोडू नका गं. मी सोडलं होतं."

मग ती मेजाजवळ आली, दांडा हातात घेतला आणि जबडा एक खूण आत आणला.